पांढरा चौकोन

लग्नाकार्यात नातेवाईक भेटले की मला एक प्रश्न ठरलेला असतो. "तू त्या कम्प्युटरमध्ये नक्की करतेस काय गं?" माझी भावजय बँकेत आहे, चुलतभाऊ तुर्भ्याच्या कारखान्यात आहे, त्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. पूर्वी मी लांबलचक उत्तर द्यायचे. आता एका वाक्यात सांगते: वेबसाइटचे फोटो काढणारी मशीन सांभाळते. त्यावर "म्हणजे फोटोग्राफर?" असं म्हणून लोक जेवायच्या रांगेकडे निघून जातात.

इथे तुम्ही उठून जाऊ शकत नाही, म्हणून नीट सांगते.

महाप्याला आमचं छोटं ऑफिस आहे. नवी मुंबई आणि आसपासच्या दुकानांच्या, क्लासेसच्या, हॉलच्या, मंडळांच्या वेबसाइटची एक सूची आम्ही इंटरनेटवर चालवतो. प्रत्येक नावाशेजारी त्या साइटच्या पहिल्या पानाचं एक छोटं चित्र असतं, काडेपेटीएवढं. त्याला थंबनेल म्हणतात. माणसं नाव वाचत नाहीत, चित्र बघतात आणि त्यावर बोट दाबतात, की मूळ साइट उघडते. इतकी चित्रं हाताने कोण काढणार? ते काम सर्व्हर करतो. आठवड्यातून एकदा तो अख्खी यादी घेऊन बसतो. त्याच्यात एक ब्राउझर असतो, तुमच्या फोनमध्ये असतो तसाच, फक्त त्याला पडदा नसतो. तो एकेक साइट उघडतो, पान पूर्ण येईपर्यंत थांबतो, त्याचा मोठा फोटो काढतो आणि मग तो फोटो लहान करतो.

हे लहान करणं म्हणजे शेजारशेजारच्या पुष्कळ ठिपक्यांचा मिळून एक ठिपका करणं. त्यात मोठ्या अक्षरांचे मथळे तगतात. बारीक मजकुराच्या ओळींच्या मात्र राखाडी रेघा होतात. लहान चित्र तयार झालं की मोठं फेकून द्यायचं, कारण सगळीच ठेवायला जागा नसते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

काम सोपं वाटतं. सुरुवातीला मलाही वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात वाशीच्या एका भजनी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला.

"बाई, आमच्या फोटोत नुसते चौकोन चौकोन दिसतायत. आम्ही भजन सोडून फरशीचा धंदा काढला की काय?"

खरंच होतं. आमच्या सर्व्हरवर मराठी अक्षरांचा फॉन्टच नव्हता. इंग्रजी साइट छान यायच्या आणि मराठी दिसली की प्रत्येक अक्षराच्या जागी तो एक रिकामा डबा मांडायचा. म्हणजे इतक्या मराठी गावांच्या मधोमध बसून आमची मशीन निरक्षर होती. फॉन्ट टाकले, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि माझ्या यादीत एक ओळ लिहिली: नवीन मशीन आली की आधी मराठी.

ही यादी माझ्या टेबलाला चिकटवलेली असते. काय बिघडतं आणि त्यावर काय करायचं, एवढंच त्यात. माझ्या डोक्यावर माझा विश्वास नाही, कागदावर आहे.

दुसरी ओळ पार्लरवाल्या बाईंमुळे आली. कोपरखैरण्याला, माझ्याच घरापासून दोन गल्ल्यांवर, त्यांचं पार्लर. त्यांच्या पहिल्या पानावर दोन फोटो आलटूनपालटून यायचे, फेशिअलच्या आधीचा चेहरा आणि नंतरचा. आमच्या मशीनचा नेम असा, की दर आठवड्याला "आधी"वरच बसायचा. बाई ऑफिसात आल्या त्या गॉगल न काढताच.

"मॅडम, तुम्ही माझी जाहिरात करताय का बदनामी? अख्ख्या नवी मुंबईला पुटकुळ्या दाखवताय."

"फोटो बदलता येईल का तुम्हाला?"

"का बदलू? ती माझी सख्खी नणंद आहे! तिनं बघितलं ना, माझ्या घरात टेन्शन होईल. तुमच्या मशीनला सांगा, जरा दम धर."

मी मशीनला जरा दम धरायला लावला. नणंद उजळली. बाईंनी पुढे वर्षभर मला आयब्रो फुकट करून देण्याचा आग्रह धरला.

तिसरी ओळ पांढऱ्या चौकोनाची. एखादी साइट बंद पडली असेल तर तिच्या जागी नुसता पांढरा चौकोन यायचा. साइट दिवसभर बंद पडून संध्याकाळी सुरू झाली तरी आमच्याकडे तो आठवडाभर राहायचा. तुर्भ्याचे एक ट्रान्सपोर्टवाले आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये येऊन बसले आणि उठेनात.

"लोक फोन करून विचारतात, धंदा गुंडाळला काय. कुणी मेल्यासारखं दिसतं ते पांढरं."

ते गेल्यावर साहेबांनी मला बोलावलं. आमचे साहेब म्हणजे मालक, माणूस भला, पण पान भरलेलं दिसलं नाही की त्यांना जेवण जात नाही.

"मॅडम, काहीही दाखवा, पांढरं दाखवू नका."

मी नियम लिहिला. साइट उघडली नाही तर आधीचं चित्र तसंच ठेवायचं. मशीन पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन बघेल, उघडली तर नवं चित्र घेईल, नाहीतर जुनं राहील. किती आठवडे राहील, हे मला कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. पान कायम भरलेलं दिसू लागलं. ट्रान्सपोर्टवाल्यांनी पेढे पाठवले. नियम चांगला होता, त्यानंतर त्या बाबतीत एकही तक्रार आली नाही.

आणि मग रंजना आली.

दुपारची डब्याची वेळ होती. चाळिशीची बाई, साधा पंजाबी ड्रेस, गळ्यात कंटेनर यार्डाच्या ऑफिसचं ओळखपत्र. जासईहून आले म्हणाली. फोन पुढे केला. त्यावर आमचंच पान होतं.

"मॅडम, ह्याचा फोटो दिसतो, पण दाबलं की आत जात नाही. जरा चालू करून द्या ना. घरात लग्न आहे, लागणार आहे."

चित्र मला ओळखीचं होतं. हिरवा पट्टा, त्यात पिवळ्या साडीतल्या म्हातारीचा फोटो, वर ठळक अक्षरं: "हिराबाईचे धवले". आमच्या सूचीतल्या वेगळ्या साइटपैकी ही एक. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. इकडच्या आगरी घरांत लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यांवर. मांडव घालताना, हळद लावताना, मुलगी निघताना, प्रत्येक विधीचा आपला धवला असतो आणि तो धवलारीण म्हणते. तिने तो आपल्या आईकडून किंवा सासूकडून ऐकून घेतलेला असतो. लिहून कुणी ठेवत नाही. हिराबाईंच्या मुलाने ठेवले होते. आईला समोर बसवून फोनवर रेकॉर्ड केले, शब्द टाइप केले आणि स्वतःच शिकून साइट बनवली. तो मुलगा म्हणजे रंजनाचा नवरा, नितीन.

"ही साइट आमच्याकडे नसते ताई. आम्ही फक्त तिचा फोटो दाखवतो. मिस्टरांना विचारलंत का?"

"ते नाहीत. दोन वर्षं झाली." ती सवयीने पटकन बोलून गेली. "हार्टचं झालं. पण साइट चालू आहे ना. मी रोज बघते."

मी मशीनची नोंद उघडून बघितली. दर आठवड्याला एक ओळ असते: उघडली किंवा उघडली नाही. "उघडली नाही" अशा ओळी जिथून सुरू झाल्या तिथवर जाईपर्यंत माझं बोट दुखलं.

"ही बंद होऊन दीड वर्ष झालं."

"असं कसं होईल? सकाळी बसमध्ये बसले की आधी हेच बघते मी."

"आत जाऊन बघायचात?"

ती माझ्या डब्याकडे बघत राहिली.

"आत नाही जायचे. नुसतं बघायचे. आत त्यांचा आवाज आहे."

मग हळूहळू सांगितलं तिने. हिराबाई गाताना मध्येच थांबायच्या. वयच तेवढं. थांबल्या की नितीन विचारायचा, "मंग, आये?" आणि त्या पुढची ओळ घ्यायच्या. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये ते "मंग, आये?" आहे. ते ऐकायची रंजनाची हिंमत होत नव्हती. आहे ना तिथे, कधीतरी ऐकू, असं म्हणून ती वरचा फोटो बघायची आणि फोन पर्समध्ये टाकायची. आता मुलीचं, प्रणालीचं, लग्न ठरलं होतं. हिराबाईंना विसरायला व्हायला लागलं होतं. घरात ठरलं, आजीचे धवले साइटवरून लावायचे आणि आजीला शेजारी बसवायचं. आणि रंजनाने मनाशी ठरवलं, त्या दिवशी ऐकायचंच. मुलीच्या लग्नात बापाचा आवाज तरी असेल.

साइटला जागा भाड्याने घ्यावी लागते आणि ते भाडं दर वर्षी भरावं लागतं. नितीन गेल्यावर ती मुदत आली. आठवण करून देणारे ईमेल नितीनच्याच पत्त्यावर गेले. मुदत संपली तरी जागावाले लगेच काही पुसत नाहीत, काही महिने सगळं बाजूला ठेवतात. त्या महिन्यांत कुणी एक फोन केला असता तर पूर्ण साइट परत मिळाली असती.

हे आणि आमचा पांढऱ्या चौकोनाचा नियम, दोन्ही मी तिला रीतसर समजावून सांगितलं. पुढचं ती स्वतःच बोलली.

"म्हणजे हा फोटो गेला असता, तर मला तेव्हाच कळलं असतं."

"हो," मी म्हटलं.

ती ओरडली नाही. पार्लरवाल्या बाईंसारखी ओरडली असती तर मला काय करायचं ते कळलं असतं.

मग मी मला जे येतं ते केलं. यादी. आवाज कुठे कुठे राहिला असू शकेल त्याची. लॅपटॉप: नितीनच्या पुतण्याला दिला, त्याने आल्या आल्या सगळं पुसून गेम टाकले. फोन: पाण्यात पडून आधीच गेला होता. मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह: कपाटातले सगळे तिने पिशवीतून आणून दिले, त्यांत सिनेमे आणि यार्डाच्या पावत्या निघाल्या. नातेवाइकांचे व्हॉट्सअ‍ॅप: नितीन कुणाला पाठवायचाच नाही, "साइटवर ऐका, तेवढेच लोक येतील" म्हणायचा. जुन्या साइट साठवून ठेवणारी ठिकाणं जगात आहेत, तिथे शोधलं. त्यांना हिराबाई माहीतच नव्हत्या. जागावाल्या कंपनीला मी स्वतः पत्र लिहिलं. दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं, खातं बंद, माहिती कायमची काढून टाकलेली आहे.

यादीतल्या प्रत्येक ओळीवर काट मारून झाली. उरलं ते आमच्याकडचं काडेपेटीएवढं चित्र.

"हे झूम करा ना," रंजना म्हणाली. "आवाज नाही तर नाही, शब्द तरी मिळतील."

सगळेच असं म्हणतात. सिनेमात पोलीस करतात ना, धूसर फोटोवर बटण दाबलं की गाडीचा नंबर दिसतो. मी तिच्यासमोर करून दाखवलं. मथळे वाचता आले: मांडवाचा, हळदीचा, पाठवणीचा. प्रत्येकाखाली राखाडी रेघा. कुठली ओळ लांब, कुठली आखूड, इतकं दिसत होतं. शब्द नव्हते. ते आत लपलेले नव्हते, मिसळून गेले होते. आमच्या मशीनने कधीतरी तो फोटो मोठा, स्वच्छ, अक्षर न् अक्षर वाचता येईल असा काढला होता, दर आठवड्याला काढला होता, आणि लहान करून झाल्यावर दर वेळी फेकून दिला होता.

"त्या रेघा प्रिंट करून द्याल?" तिने विचारलं. "आईंना दाखवते. रेघा मोजून आठवलं तर आठवलं."

प्रिंट घेऊन मीच जासईला गेले. ती म्हणाली नव्हती, पण मला जावंसं वाटलं. उलव्यावरून रिक्षा केली, कंटेनरच्या गाड्यांमागून धूळ खात पोचले. घर नवं, दोन मजली. खाली ओटीवर हिराबाई बसल्या होत्या. चित्रातल्यापेक्षा निम्म्या.

"बस गो बाय. उभी का? पानी पी." मग सुनेकडे वळून, "ही कोन? नितूच्या हापिसातली?"

"नाही आई, साइटवाल्या मॅडम."

"तेच त," हिराबाई म्हणाल्या.

रंजनाने प्रिंट त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांना वाचता येत नाही, त्या कागदावरचा स्वतःचा फोटो बघत होत्या. प्रणाली, म्हणजे नवरी व्हायची नात, खाली पायाशी बसली होती. रंजनाने मथळ्यावर बोट ठेवलं.

"आई, पाठवणीचा धवला म्हणा ना. पन्नूसाठी."

मी खूण केली आणि प्रणालीने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

हिराबाईंनी डोळे मिटले. आवाज निघाला तो त्या अंगाचा नव्हता, जाडसर आणि सरळ. पहिली ओळ पूर्ण आली. दुसरी अर्ध्यावर थांबली. त्यांनी डोळे उघडले आणि खिडकीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती. त्या शांतपणे वाट बघत होत्या, बस यायची आहेच अशी.

"तिथे बसायचे ते," रंजना माझ्या कानाशी म्हणाली.

शेवटी प्रणालीने धीर केला.

"मंग, आजे?"

हिराबाईंनी तिच्याकडे मान वळवली. राग नव्हता, पोर मध्ये बोललं तर समजावतात तसं म्हणाल्या, "तू नको बोलू गो. त्याला बोलू दे."

त्यानंतर त्या गायल्या नाहीत. थोड्या वेळाने चहा आला. प्रणालीच्या फोनमध्ये दीड ओळ आली आणि पुढे बराच वेळ पंख्याचा आवाज.

ऑफिसात परत आल्यावर मी नियम बदलला. चित्र जुनं असेल तर त्याखाली तारीख लिहायची, साइट शेवटची कधी उघडली होती ती. साहेब कुरकुरले, पान घाण दिसतं म्हणाले. मी म्हटलं, दिसू दे. माझ्या आवाजात काहीतरी असावं, त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. यादीत नवी ओळ लिहिली. हे काम अर्ध्या तासाचं होतं. म्हणजे आधीही अर्ध्या तासाचंच होतं.

लग्न झाल्यावर रंजनाचा फोन आला. मला आमंत्रण होतं, पण त्याच दिवशी माझ्या भाचीचं वास्तुपूजन निघालं. लग्न छान झालं म्हणाली. उरणकडची एक धवलारीण बोलावली होती.

"चांगली गायली मॅडम, आवाज चांगला होता. पण तिचे शब्द वेगळे. आई बाजूला बसून ऐकत होत्या. पाठवणीच्या वेळी मला हळूच बोलल्या, आमचा असा नाय."

"मग कसा आहे, ते म्हणाल्या का?"

"नाही. एवढंच बोलल्या."

मागे यार्डातल्या गाडीचा भोंगा वाजला.

"मॅडम, एक काम होतं. तो फोटो काढून टाकाल?"

"खाली तारीख टाकलीय आता. लोकांना कळतं, साइट बंद आहे म्हणून."

"लोकांचं नाही. मी अजून रोज बघते. माहीत असून बघते. बघितलं की वाटतं, आहे."

"मग नावच काढून टाकते सूचीतून."

"नाव नको काढू." ती पहिल्यांदाच मला एकेरीत बोलली आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही. "नाव राहू दे. फोटोच्या जागी ते पांढरं ठेव. नसलं की येतं ना, ते."

एवढी वर्षं मी जे पानावर येऊ दिलं नव्हतं ते एकदा हाताने ठेवायचं होतं. मशीनला सांगितलं, या नावाला हात लावायचा नाही, जुनं चित्र आणायचं नाही, नवं शोधायला जायचं नाही. मग चित्र काढलं. वर पार्लर, खाली ट्रान्सपोर्ट, मध्ये "हिराबाईचे धवले" आणि त्याच्या शेजारी पांढरा चौकोन. तो बराच वेळ बघत बसले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमधून हाक मारली.

"मॅडम, पानावर एक पांढरा आलाय. बघा जरा."

"बघितलाय सर," मी म्हटलं. "तो तसाच आहे."